माजी अधिकारी बोलतो तेव्हा: त्याचे कथन कसे पारखावे

वादग्रस्त नेत्याच्या हाताखाली काम केलेला अधिकारी निवृत्तीनंतर, बदलीनंतर किंवा त्या नेत्याची सत्ता गेल्यावर बोलू लागला की आपल्याकडे साधारणतः दोनच प्रतिक्रिया उमटतात. ज्यांना तो नेता नकोसा असतो ते कथनातील प्रत्येक शब्द प्रमाण मानतात. ज्यांना तो हवासा असतो ते ‘मग इतकी वर्षे मिठाची गुळणी धरून का बसला होता?’ असे विचारून मोकळे होतात. दोन्ही बाजूंनी अधिकारी नेमके काय सांगतो आहे हे वाचायचे मात्र राहून जाते. अशा कथनाचे मोल ठरवण्याची एक शिस्त आहे आणि थोडे कष्ट घेतले तर ती सामान्य वाचकालाही साधते. येथे तिच्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून १९७५ ते १९७७ ची आणीबाणी घेतली आहे, कारण एकाच नेत्याच्या कारकिर्दीविषयी इतके अधिकारी, इतक्या वेगवेगळ्या वेळी आणि इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी बोलले, असे दुसरे उदाहरण आपल्या देशात सहज सापडत नाही.

आधी तारखा मांडाव्यात

कथन वाचायला घेण्याआधी कागदावर चार तारखा लिहाव्यात: घटना कधी घडली, अधिकाऱ्याने ते पद कधी सोडले, नेत्याची सत्ता कधी गेली, आणि अधिकारी त्या घटनेविषयी प्रथम कधी बोलला. या तारखांचा क्रम पाहिला की प्रश्न आपोआप उभे राहतात. माधव गोडबोले हे ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा केंद्रीय गृहसचिव होते. सेवेची मुदत शिल्लक असताना मार्च १९९३ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांच्या आठवणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पद आधी सोडले, पुस्तक नंतर आले. ज्यांच्यावर मुख्य टीका होती ते नरसिंह राव हयात होते आणि उत्तर देऊ शकत होते. हा क्रम कथनकर्त्याच्या बाजूने बोलतो.

आता याच्या उलट क्रम पाहावा. मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांना १७ मार्च २०२१ रोजी त्या पदावरून हलवण्यात आले आणि २० मार्चला त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर दरमहा शंभर कोटी रुपयांच्या वसुलीचे लक्ष्य दिल्याचा आरोप केला. देशमुखांनी तो नाकारला. आयुक्तपदावर असताना गुन्हा का नोंदवला नाही, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने सिंह यांना विचारला, आणि तो कोणत्याही वाचकाच्या मनात यावा असाच होता. तरीही केवळ क्रम संशयास्पद आहे म्हणून न्यायालयाने विषय बाजूला सारला नाही. ५ एप्रिलला सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश मिळाला आणि त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. तारखांनी एवढेच करायचे असते. दुखावलेला माणूसही खरे बोलू शकतो, मात्र त्याच्या प्रत्येक विधानाला आधार मागण्याचा आपला हक्क अशा वेळी अधिक बळकट होतो.

निवडणुकीची तारीखही जोडून पाहावी. मनमोहन सिंग यांचे माध्यम सल्लागार संजय बारू यांचे पुस्तक एप्रिल २०१४ मध्ये, लोकसभेचे मतदान चालू असताना बाजारात आले आणि पंतप्रधान कार्यालयाने लगेच त्याची संभावना पदाचा गैरफायदा घेऊन रचलेली कल्पित कथा अशी केली. प्रकाशकाला खप हवा असतो हे गृहीत धरावे आणि पुढे जावे. पुस्तकाचा मजकूर त्यामुळे खोटा ठरत नाही.

तो कोठे बसला होता

अधिकारी जितका मोठा तितकी त्याला अधिक माहिती, असे आपण समजतो. प्रत्यक्षात वादग्रस्त निर्णयांच्या वेळी अधिकाराची उतरंड बाजूला ठेवली जाते, आणि तसे घडले हेच पुष्कळदा त्या निर्णयाविषयीचे सर्वांत महत्त्वाचे सत्य असते. २५ जून १९७५ च्या रात्रीकडे या दृष्टीने पाहावे. इंदिरा गांधी आणि पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय त्या दिवशी संध्याकाळी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटले. रात्री पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपती भवनात पोहोचले; मंत्रिमंडळाची बैठक त्या रात्री शक्य नसल्यामुळे कामकाज नियमांतील बाराव्या नियमाखाली आपण त्यातून सूट घेत आहोत, असे त्यात म्हटले होते. मध्यरात्रीच्या सुमारास उद्घोषणेवर सही झाली. मंत्रिमंडळाला बोलावणे गेले ते सकाळी सहाच्या बैठकीचे.

कॅबिनेट सचिव म्हणजे देशातील सर्वांत ज्येष्ठ नोकरशहा. ते पद तेव्हा बी. डी. पांडे यांच्याकडे होते आणि त्यांना दूरध्वनी आला तो पहाटे साडेचारच्या सुमारास, सहाच्या बैठकीची व्यवस्था करण्यासाठी. गृहसचिव एस. एल. खुराणा यांची नेमणूक काही दिवसांपूर्वीच, निर्मल मुखर्जी यांना हलवून झाली होती. त्यांनाही आणीबाणीची वार्ता सकाळीच कळली. याउलट पंतप्रधानांचे स्वीय साहाय्यक आर. के. धवन आणि दिल्लीचे नायब राज्यपाल किशन चंद यांना रात्रीच्या हालचालींची पुष्कळ अधिक माहिती होती. म्हणून ‘मी कॅबिनेट सचिव होतो, मला विचारा’ असे कोणी म्हणाला तरी त्या रात्रीपुरता त्याच्यापेक्षा स्वीय साहाय्यक किंवा राष्ट्रपतींचा सचिव अधिक उपयोगी साक्षीदार ठरतो. पांडे यांच्या साक्षीचे मोल वेगळे आहे: मला काहीच माहीत नव्हते, हेच त्यांचे सांगणे आहे, आणि कॅबिनेट सचिवाच्या तोंडी हे वाक्य फार बोलके आहे.

एक व्यावहारिक सूचना येथे करतो. कथनातील प्रत्येक प्रसंगाच्या शेजारी समासात लिहावे की अधिकारी त्या क्षणी खोलीत होता, शेजारच्या खोलीत होता की दुसऱ्या शहरात होता. पुष्कळ आत्मचरित्रांत हे मुद्दाम अस्पष्ट ठेवलेले असते. ‘असे ठरले’, ‘सांगण्यात आले’, ‘वरून आदेश आला’ अशी कर्मणी वाक्ये दाटीने येऊ लागली की लेखक तेथे नव्हता, किंवा होता पण ते सांगू इच्छित नाही, असे समजावे.

पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले

तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचण्याची जुनी पद्धत या कामी उत्तम आहे. अधिकाऱ्याने स्वतः पाहिले किंवा स्वतःच्या कानांनी नेत्याच्या तोंडून ऐकले ते एका रंगाने, दुसऱ्याने त्याला सांगितले ते दुसऱ्या रंगाने आणि त्याने स्वतः काढलेला निष्कर्ष तिसऱ्या रंगाने अधोरेखित करावा. परमबीर सिंह यांच्या पत्राला ही कसोटी लावली तर मुख्य आरोप दुसऱ्या रंगात जातो: गृहमंत्र्यांनी काय सांगितले हे त्यांना कनिष्ठ अधिकाऱ्यांनी सांगितले होते. पुढे या आरोपांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती चांदीवाल आयोगापुढे, त्या पत्रापलीकडे आपल्याकडे देण्यासारखा पुरावा नाही, असे त्यांच्या वतीने कळवण्यात आले, तेव्हा पहिल्या दिवशीच तीन रंगांनी वाचलेल्याला आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

आणीबाणीतील कारभाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगापुढील साक्षींत पहिल्या रंगाचा भाग तुलनेने जास्त आढळतो. राष्ट्रपतींचे सचिव के. बालचंद्रन यांनी सांगितले की पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपतींनी आपल्याला दाखवले आणि हे घटनेला धरून होणार नाही असे आपण त्यांना म्हटले. यात कोणी, कोणाला, कोठे, काय म्हटले हे सगळे आहे. त्याच रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली; वीजपुरवठा करणाऱ्या उपक्रमाच्या प्रमुखाने आदेश नायब राज्यपालांकडून तोंडी आल्याचे आयोगाला सांगितले. या साक्षीला बाहेरून जोड मिळते. ज्या दैनिकांना नवी दिल्ली नगरपालिकेकडून वीज मिळत होती, त्यांचे छापखाने त्या रात्री चालू राहिले. आदेश एका यंत्रणेपर्यंत पोहोचला, दुसऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचला नाही, हे साक्षीदारांच्या स्मरणावर अवलंबून नाही. दुसऱ्या दिवशी कोणते अंक निघाले त्यावरून ते दिसते. साक्षीला असा मुका पुरावा मिळतो का, हे नेहमी शोधावे.

कोठे बोलला आणि कोणत्या जोखमीवर

शपथेवर दिलेली साक्ष, न्यायालयातील प्रतिज्ञापत्र, पुस्तक आणि वाहिनीवरील मुलाखत यांना एकाच मापाने मोजू नये. २८ मे १९७७ रोजी नेमलेला शहा आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचा होता. त्या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार आयोगापुढे दिलेले निवेदन साक्षीदाराविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी कारवाईत वापरता येत नाही. अपवाद एकच, तो म्हणजे खोटी साक्ष दिल्याचा खटला. याचा अर्थ आयोगापुढे खरे बोलणाऱ्याला संरक्षण आहे आणि खोटे बोलणाऱ्याला धोका आहे. शिवाय ज्याच्या प्रतिष्ठेला बाध येऊ शकतो त्याला ऐकून घेण्याची आणि उलटतपासणीची तरतूद आहे. मुलाखतीत यातले काहीच नसते. इंदिरा गांधी जानेवारी १९७८ मध्ये आयोगापुढे आल्या आणि त्यांनी शपथ घेण्यास नकार दिला. नेत्याची बाजू त्यामुळे त्या नोंदीत अपुरी राहिली, हे वाचकाने विसरू नये. अधिकाऱ्यांच्या साक्षी वाचताना त्या सत्तांतरानंतर, नव्या सरकारने नेमलेल्या आयोगापुढे झाल्या, हेही समोर असावे.

जेथे शपथेवर बोलण्याची संधी होती तेथे न बोलता नंतर पुस्तक लिहिणाऱ्याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राहिलेले जॉन बोल्टन २०१९ च्या महाभियोग चौकशीत प्रतिनिधिगृहापुढे साक्षीला गेले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये, सिनेटने समन्स काढल्यास येईन, असे त्यांनी जाहीर केले. सिनेटने ३१ जानेवारीला साक्षीदार बोलावण्याचा ठराव ५१ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला, आणि जूनमध्ये त्यांचे पुस्तक आले. व्हाइट हाउसचा मज्जाव होता, कायदेशीर गुंतागुंत होती, हे सगळे मान्य केले तरी ज्या वेळी त्या माहितीने निर्णय बदलू शकला असता ती वेळ निघून गेली होती. असे पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून वाचावे. धैर्याचे प्रशस्तिपत्र त्यावर चिकटवण्याची घाई करू नये.

त्याच्या स्वतःच्या सहीचे काय

सर्व कसोट्यांत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते आणि वाचक नेमकी हीच विसरतात. अधिकाऱ्याचे काम सहीने चालते. नेत्याने काय केले हे तो सांगतो तेव्हा त्या दिवशीच्या नस्तीवर त्याची स्वतःची कोणती टिपणी होती, कोणत्या आदेशाखाली त्याची सही होती आणि त्याने कोणता शेरा मारायचे टाळले, हे तो सांगतो का ते पाहावे. आणीबाणीत दिल्लीत ‘मिसा’ (अंतर्गत सुरक्षा कायदा) खाली झालेल्या अटकांचे उदाहरण घ्यावे. कायद्याने स्थानबद्धतेचा आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याची स्वतःची खात्री पटलेली असायला हवी होती. आयोगापुढे आले ते असे की पोलिसांकडून नावांच्या याद्या आल्या, सायक्लोस्टाइल केलेल्या आदेशांवर सह्या झाल्या आणि कारणे पुष्कळ ठिकाणी मागाहून जोडली गेली. सह्या पंतप्रधानांच्या नव्हत्या. त्या स्पर्धा परीक्षा देऊन सेवेत आलेल्या, कायदा शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या होत्या, आणि ‘तोंडी आदेश होता’ हेच त्यांतील अनेकांचे उत्तर होते.

म्हणून कथनात ‘तोंडी आदेश’ हे शब्द आले की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: लेखी मागितला होता का? अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत आज स्पष्ट आहे की वरिष्ठाचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत आणि तोंडी निर्देश मिळालेल्या अधिकाऱ्याने त्याची लेखी पुष्टी मागावी. ऑक्टोबर २०१३ मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेशांची नोंद करण्यावर भर दिला. मंत्रालयात काम केलेल्या कोणालाही विचारावे, लेखी मागितले की साहेबाचा चेहरा कसा बदलतो आणि पुढच्या यादीत बदली कोठे होते, हे तो सांगेल. तरीही ‘मी मागितले नाही, कारण मला पद टिकवायचे होते’ एवढे वाक्य ज्याच्या पुस्तकात सापडते त्याच्या उरलेल्या पानांवर मी अधिक विश्वास ठेवतो. ज्या कथनात नेता चुकतो, सहकारी चुकतात, मंत्री चुकतात आणि लेखक मात्र प्रत्येक प्रसंगी योग्य सल्ला देऊन बाजूला उभा असतो, ते कथन अर्जासोबत जोडलेल्या चारित्र्याच्या दाखल्यासारखे असते. त्यातील तारखा आणि नावे घ्यावीत, गुणवर्णन सोडून द्यावे.

दोष कोणाकडे ढकलला आहे हेही पाहावे. आणीबाणीला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २०१५ मध्ये, धवन यांनी मुलाखतीत आणीबाणीच्या कल्पनेचे जनकत्व सिद्धार्थ शंकर राय यांच्याकडे दिले. राय यांचे निधन २०१० मध्ये झाले होते. राय यांचा त्या रात्रीतील सहभाग इतर साक्षींतूनही दिसतो, त्यामुळे धवन यांचे म्हणणे निराधार म्हणता येत नाही. पण ज्याला उत्तर देता येणार नाही अशा व्यक्तीवर मुख्य भार टाकणारे आणि आपल्या नेत्याला व स्वतःला हलके करणारे विधान स्वतंत्र आधाराशिवाय स्वीकारू नये.

दुसरे कथन शेजारी ठेवावे

एकाच कार्यालयातील दोन माणसांची कथने मिळाली तर ती सोबतच वाचावीत. इंदिरा गांधींच्या सचिवालयात सहसचिव असलेले बिशन टंडन नोव्हेंबर १९७४ पासून रोजनिशी लिहीत होते. ती पुढे प्रसिद्ध झाली. त्यांचे वरिष्ठ, पंतप्रधानांचे सचिव पी. एन. धर यांनी आपले विवेचन २००० मध्ये प्रसिद्ध केले. टंडन कनिष्ठ, त्यांचा स्वर कडवट आणि नोंदी त्या त्या दिवसाच्या. धर वरिष्ठ, अर्थशास्त्रज्ञ, त्यांचा स्वर संयत, आणि पंतप्रधानांबरोबर जयप्रकाशांच्या आंदोलनालाही जबाबदार धरणारे त्यांचे विवेचन पंचवीस वर्षांनंतरचे. रोजनिशीत त्या दिवशी जे ठाऊक नव्हते ते येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र रोजनिशी लिहिणाऱ्याला त्या दिवशीचा रागही आवरता येत नाही. नंतरच्या पुस्तकात समज अधिक असते आणि स्मरणावर मधल्या काळाने हात फिरवलेला असतो. घटनाक्रमासाठी टंडन आणि कारणमीमांसेसाठी धर, अशी विभागणी मला सोयीची वाटते. दोघे जेथे एकमेकांना छेद देतात त्या जागा वहीत स्वतंत्र लिहून ठेवाव्यात, कारण खरे काम तेथे आहे.

अयोध्येच्या बाबतीत ही सोय अधिक चांगली आहे, कारण तेथे नेत्याचेही उत्तर उपलब्ध आहे. वास्तू ताब्यात घेण्यासाठी गृह मंत्रालयाने आराखडा तयार केला होता आणि त्यावर वेळेत निर्णय झाला नाही, असे गोडबोले सांगतात. नरसिंह राव यांची बाजू त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये प्रसिद्ध झाली: राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयाला आश्वासन दिले होते, राज्यपालांनी राष्ट्रपती राजवटीविरुद्ध सल्ला दिला होता, घटनेने हात बांधलेले होते. एकाच वस्तुस्थितीकडे गृहसचिव तयारीच्या दृष्टीने पाहतो आणि पंतप्रधान घटनात्मक मर्यादेच्या दृष्टीने. दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टींची यादी आधी करावी. ती अपेक्षेपेक्षा लांब निघते.

मौनाचा अर्थ लावताना

उशिरा बोलणारा प्रत्येक जण भित्रा असतो असे समजणे अन्यायाचे आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काही प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, अशी निवृत्तिवेतन नियमांतील तरतूद २०२१ मध्ये अधिक कडक करण्यात आली. ‘रॉ’मध्ये काम केलेले निवृत्त मेजर जनरल व्ही. के. सिंग यांच्या पुस्तकानंतर २००७ मध्ये त्यांच्यावर याच गुपिते कायद्याखाली सीबीआयने गुन्हा दाखल केला. माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या आठवणींतील काही भाग डिसेंबर २०२३ मध्ये बातम्यांत आला आणि संरक्षण मंत्रालयाच्या छाननीत प्रकाशन अडकले. बी. डी. पांडे यांच्या आठवणी तर त्यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२१ मध्ये आल्या. तेव्हा कथनातील एखादा प्रसंग अचानक तुटला, नाव गळले किंवा तपशील धूसर झाला तर त्यामागे वकिलाचा सल्ला असू शकतो, ही शक्यता मोकळी ठेवावी.

आपण ते पुढे सांगताना

वाचलेले इतरांना सांगताना किंवा लेखात वापरताना क्रियापदे जपून निवडावीत. ‘अमक्या मंत्र्याने दबाव आणला’ आणि ‘अमक्या मंत्र्याने दबाव आणला असे या अधिकाऱ्याने २०१४ मध्ये म्हटले, मंत्र्याने ते नाकारले’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. माजी महालेखापरीक्षक विनोद राय यांनी २०१४ मध्ये, २-जी स्पेक्ट्रमविषयीच्या अहवालातून पंतप्रधानांचे नाव वगळण्यासाठी दबाव आणणाऱ्यांत संजय निरुपम यांचे नाव घेतले होते. निरुपम अब्रुनुकसानीच्या खटल्यापर्यंत गेले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये राय यांनी बिनशर्त माफी मागितली. मधल्या सात वर्षांत ज्यांनी ते विधान स्वतःच्या नावावर वस्तुस्थिती म्हणून लिहिले, त्यांच्या लेखांना दुरुस्ती आपोआप जोडली जात नाही. कोण म्हणाले, कधी म्हणाले आणि कोठे म्हणाले, या तीन गोष्टी वाक्यातच असाव्यात. तळटीपेत ढकलल्या की पुढचा उद्धृत करणारा त्या गाळतो.

मूळ कागद मिळवण्याचा प्रयत्न अवश्य करावा. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातील तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद यांसारखे मोजके अपवाद सोडता, मागता येते. सार्वजनिक अभिलेख नियमांखाली पंचवीस वर्षांहून जुने अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाणे अपेक्षित आहे. अर्ज करताना ‘सर्व कागदपत्रे’ असे न मागता विभाग, कालावधी आणि शक्य असल्यास नस्तीचा क्रमांक द्यावा. अधिकाऱ्याच्या पुस्तकातच पुष्कळदा हे धागे दडलेले असतात. शहा आयोगाचे तीन अहवाल, दोन अंतरिम आणि ६ ऑगस्ट १९७८ चा अंतिम, हे १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्यानंतर बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले होते. माजी खासदार एरा सेळियन यांनी आपल्याकडील प्रतीवरून ते २०१० मध्ये पुन्हा छापले. आणीबाणीतील अधिकाऱ्याचे कोणतेही आत्मचरित्र उघडण्यापूर्वी त्या अहवालातील त्याच्या नावाची पाने काढून वाचावीत आणि मगच तो स्वतःविषयी काय लिहितो याकडे वळावे.